वाहून गेलेली नोंदवही: गावभाग आणि हरिपूर संग्रहालयांच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२३, रविवार

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या मंडळाच्या संग्रहालयाच्या वाड्याचं कुलूप आज तोडलं. किल्ली कुणाकडे आहे याबद्दल तीन मतं होती आणि किल्ली त्यातल्या एकाकडेही नव्हती. २०२१ च्या पुरानंतर गाळ उपसला, ब्लीचिंग पावडर मारली, दार ओढून घेतलं, ते आजच उघडलं.

खालच्या दालनात भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची. ती तेव्हाच तात्यांनी लाल ऑइलपेंटनं ओढून ठेवली होती. तिच्यावर २०२१ ची आणि सगळ्यात वर २०१९ ची. या दोन गाळानंच ओढल्यात. आयर्विन पुलावरचे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतात: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि वाड्यात ते माडीच्या जिन्यावर निम्म्याच्या वर चढलं. खालचं सगळं त्यात बुडालं. माडीवर चढवता आलं तेवढं चढवलं होतं, पण त्या रात्री चार माणसांनी काय काय उचलायचं?

आज नुसती पाहणी केली. वीरगळ आणि दगडी जातं जागच्या जागी. पितळेची भांडी हिरवी पडलीत, पण धड आहेत. लोखंडी मोट आणि नांगराचे फाळ गंजलेत. अडत दुकानाच्या चोपड्यांचे गठ्ठे विटेसारखे झालेत. दोन पगड्यांवर पांढरी बुरशी. एक शिसवी पेटी फुगून बसलीय, झाकण हलत नाही.

आणि दाखल नोंदवही. मंडळ स्थापन झाल्यापासून आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तिच्यात होती: कुणी दिली, कधी, कुठल्या घरातली, कशासाठी वापरत. फाउंटन पेननं, निळ्या-जांभळ्या शाईनं, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेली. आज उघडली तर पानांवर फिकट जांभळे ढग. वस्तू राहिल्या आणि त्या कुणाच्या हे वाहून गेलं. मला विचाराल तर पुरानं केलेलं खरं नुकसान हे एवढंच आहे. बाकीचं साफसफाईत मोडतं.

२२ जानेवारी, रविवार

मंडळाची सभा, माडीवर, सतरंज्या अंथरून. हजेरी बरी. तरणे म्हणजे पंचावन्नच्या खालचे, ते तिघं.

मंडळाकडे तीन जागा आहेत: गावभागातला हा वाडा, हरिपुरातली एका जुन्या हळद गोदामाची खोली आणि मिरजेतली तंतुवाद्यांची खोली. तिन्ही बंद. अध्यक्ष आण्णांचं म्हणणं, तिन्ही एकदम १८ मे ला उघडू. जागतिक संग्रहालय दिन असतो, पेपरात फोटो येईल. मी विरोध केला. मे मध्ये उघडायचं आणि जुलैत पुन्हा सगळं डोक्यावर घेऊन पळायचं, याला अर्थ नाही. एक पावसाळा काढल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं शेवटी ठरलं. आण्णा म्हणाले, "बघा, तोवर आम्ही असलो म्हंजे झालं." ते हसले, बाकी कुणी हसलं नाही.

दुसरा विषय कागदपत्रांचा. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत आमचे निम्मे विश्वस्त अजून हयात आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या तसबिरी माडीवर लावलेल्या आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की फेरफार अहवाल वेळेवर द्यायचा असतो, तो दोन कारकिर्दींत कुणी दिला नाही. त्यामुळे बँकेत सह्या चालत नाहीत आणि खात्यातले पैसे दिसतात पण निघत नाहीत. वकीलबाईंनी काम घेतलंय. फी म्हणून त्यांनी संग्रहालयाचं आजीव सदस्यत्व मागितलं.

५ फेब्रुवारी

नोंदवहीची पानं सुटी करायला लागलो. पुण्याहून संवर्धनाचं शिक्षण घेतलेली एक मुलगी आली आहे, इथल्याच एका सभासदाची नात. तिनं पहिल्यांदा आमच्या हातातले हेअर ड्रायर काढून घेतले. ओला कागद झटपट तापवला की वाकडा होतो, आणि बुरशी वाळून उडाली की माणसाच्या छातीत जाते. मास्क लावून, उघड्या व्हरांड्यात, सावलीत, मऊ ब्रशनं, एका दिशेनं झाडायचं. ऊन नाही. उन्हानं बुरशी मरेल, पण उरलेली शाईही जाईल.

शाईबद्दल तिनं सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, पुढच्या चिटणिसाला उपयोगी पडेल. छापील शाई तेलाची असते, ती पाण्याला दाद देत नाही. म्हणून जुन्या नाटकांची हस्तपत्रकं गाळातून काढल्यावरही वाचता येतात. शिसपेन्सिल वाहत नाही. फाउंटन पेनची रंगीत शाई आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई पहिल्या पाण्यातच जाते. म्हणजे नाटक कंपनीची जाहिरात टिकली आणि ती आम्हाला कुणी दिली ते गेलं.

पानं तिरप्या उजेडात धरली की निबानं उमटलेल्या खुणा काही ठिकाणी दिसतात. बॅटरी बाजूनं मारायची आणि मोबाइलनं फोटो काढायचे. एका पानावर "परात, मोठी" एवढं लागलं. पुढे कुणाची ते नाही.

आर्द्रता मोजायचा काटा माडीवर लावला. ६५ टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. फेब्रुवारीत प्रश्न नाही, हवा कोरडी आहे.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस भांड्यांचा. इथं एक गोष्ट आपल्या लोकांच्या सवयीनं वाचवली. आपल्याकडे भांडं घेतलं की नाव घालतात. लग्नात मामानं दिलेलं, डोहाळजेवणाचं, शेजारणीनं मुंजीला दिलेलं. दुकानदार बाहेर बसवलेल्या माणसाकडून ठोकून नाव, गाव, साल घालून घेतो. तेव्हा आम्हाला त्याची कधी किंमत वाटली नाही. आता कळतंय की संग्रहालयातल्या सगळ्या वस्तूंपैकी स्वतःची नोंद अंगावर घेऊन बसलेली ही एकच जात आहे. पाणी चार दिवस डोक्यावरून गेलं तरी "मामाकडून, १९५१" जसंच्या तसं.

महिला मंडळाच्या काही जणी मदतीला आल्या आणि आम्ही चहा घेईपर्यंत त्यांनी दोन घंगाळं चिंच-मीठ लावून लख्ख करून टाकली. पुण्याची मुलगी कपाळाला हात लावून बसली. घासलं की धातूचा वरचा थर जातो आणि दरवेळी नाव थोडं थोडं पुसट होतं. काकूंना हे पटवायला वेळ लागला. "अहो, हिरवं भांडं पाहुण्याला दाखवायचं का?" त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. शेवटी तडजोड झाली: ती दोन घंगाळं चकचकीत ठेवायची आणि शेजारी न घासलेलं एक ठेवायचं, म्हणजे लोकांना फरक दिसेल.

२६ फेब्रुवारी, रविवार

'वस्तू ओळखा' हा पहिला कार्यक्रम. कल्पना साधी आहे. ज्यांची नोंद गेली त्या वस्तू अंगणात टेबलांवर मांडायच्या, गल्लीतल्या, पेठेतल्या जुन्या घरांना सांगावा धाडायचा, आणि लोकांनी येऊन बोलायचं. बोललेलं तिघं लिहून घेतात, पेन्सिलनं. मोबाइलवर आवाजही घेतो. सोबत भडंग आणि चहा. सांगलीत सभेला भडंग नसेल तर माणसं का यावीत?

पहिला तास कुणी काही बोललं नाही. मग एका आजीबाईंनी ती मोठी परात उलटी केली, बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "हिला भोक पडलं होतं, इथं डाग दिलाय बघा." डाग होता. परात त्यांच्या सासरची. गणपतीत साठ माणसांची कणीक हिच्यात मळायचे. वाडा वाटणीत गेला तेव्हा कुणाच्याच स्वयंपाकघरात मावेना म्हणून मंडळाला दिली. ही नोंद पूर्वीच्या वहीत असणं शक्य नाही. तेव्हा "परात, मोठी" एवढंच लिहिलं असणार, कारण ते दिसलंच होतं मला पानावर.

म्हणजे जुनी वही जशीच्या तशी परत मिळवायच्या मागे लागण्यात मजा नाही. नवी जास्त चांगली होऊ शकते. अर्थात, जिथं सांगणारं माणूस उरलंय तिथंच. पगड्यांबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही.

१२ मार्च

समईवरून भांडण. दोन घरं, दोघांनाही पक्कं आठवतंय की ती आमचीच. आवाज चढले. जुन्या भाऊबंदकीतला कुठलातरी हिशेब मधे आला, बांधापर्यंत गेला. मी बॅटरी आणली. तळाच्या कडेवर अक्षरं झिजलेली, पण आडवा उजेड टाकला आणि वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा शेवटचे दोन शब्द निघाले: "देवस्थानास अर्पण". दोन्ही घरं गप्प. समई घाटावरच्या देवळाची निघाली.

दुसऱ्या दिवशी देवळात गेलो. रीतसर विचारणं भाग होतं. तिथले वहिवाटदार म्हणाले, "ठेवा की तुमच्याकडंच, आमच्याकडं आता एलईडीची माळ हाय." मी म्हटलं, मग तसं लिहून द्या. त्यांनी दिलं. आता नव्या वहीत दोन रकाने वेगळे केलेत: देणगी आणि ठेव. देणगी परत जात नाही. ठेव मुदतीची असते आणि मुदत संपली की विचारायचं. पूर्वी सगळं एकाच रकान्यात होतं, त्यातूनच मिरजेचं पुढचं प्रकरण उद्भवलंय.

१९ मार्च, मिरज

मिरजेची खोली उघडली. तीन तंबोरे, दोन सतारी, एक दिलरुबा, आणि घडवायची हत्यारं. मिरजेत पाणी आलं नव्हतं, इथं नुकसान केलं ते बंद दारानं. एका तंबोऱ्याचा भोपळा तडकलाय, तारा गंजून तुटल्यात.

सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांना बोलावलं. इथली ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. तलवारींचं काम संपलं तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला घेतली आणि एकोणिसाव्या शतकात हा धंदा मिरजेत रुजला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचं लाकूड. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिल्यावर इथल्या तंबोऱ्याचं नाव आणखी लांबवर गेलं. हे सगळं आमच्या फलकावर लिहिलेलं आहेच. कारागिरांनी फलक वाचला, मान हलवली, तंबोरा उचलून कानाजवळ धरला, भोपळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "चिटणीससाहेब, याला माणूस पाहिजे. रोज हात लागला नाही तर वाद्य मरतं."

तीन वाद्यं त्यांच्याच चुलत्यांनी ठेवायला दिलेली. ठेव की देणगी, वहीत स्पष्ट नव्हतं, आता वहीच नाही. सभेत मी प्रस्ताव मांडणार आहे: मिरजेची खोली पुन्हा उघडू नये. वाद्यं घराण्यांना परत द्यावीत, दुरुस्त करून ती वाजवायला वापरावीत, आणि वर्षातून एकदा आमच्या कार्यक्रमाला आणावीत. मिरजेत त्या गल्लीत पाऊल टाकलं की दहा दुकानांत कारागीर काम करताना दिसतात. त्याच गल्लीच्या टोकाला कुलूपबंद काचेत तोच तंबोरा कशाला दाखवायचा?

२ एप्रिल

प्रस्ताव मंजूर, पण गोडीगुलाबीनं नाही. "संग्रहालय मंडळानं बंद करायचं?" असं एक सभासद तीनदा म्हणाले आणि पहिल्यांदाच सभा सोडून गेले. पावत्या करून वाद्यं परत दिली. हत्यारं मात्र गावभागात आणली, ती देणगी असल्याचं कारागिरांनी स्वतः लिहून दिलं.

१६ एप्रिल, हरिपूर

हरिपूरची खोली लहान आहे, पण तिथं सांगायला सगळ्यात जास्त आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव. आणि हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं. सांगलीची हळद २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनात गेली ती राजापुरी वाणामुळे आणि या पेवांच्या साठवणीमुळेही. आता बरीच पेवं बुजलीत. २००५ ला आणि पुन्हा २०१९ ला पाणी आत शिरलं, माल कुजला, मालक कोल्ड स्टोरेजकडे वळले.

पेवात उतरलेले एक जुने हमाल आज खोलीत येऊन बसले. वय ऐंशीच्या घरात. त्यांना मी प्रश्न विचारायचं सोडून दिलं, नुसतं ऐकलं. तोंड लहान, एक माणूस जेमतेम मावेल असं. आत मोठी गोल खोली. खाली-बाजूनं पाला आणि चटया लावायच्या, हळद ओतायची, वर पुन्हा पाला, मग फरशी आणि माती. बंद झालं की वर्ष-दोन वर्षं उघडायचं नाही. हरिपूरची जमीन घट्ट, ओल आत येत नाही. आत हवा राहत नाही म्हणून कीड लागत नाही.

"अन् हवा न्हाई म्हणून माणूस पण ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, मुकादम काय म्हणेल ते म्हणू दे. जे न थांबता उतरले त्यातले काही वर आलेच नाहीत. त्यांची नावं त्यांना आठवतात. ती त्यांनी सांगितली आणि आम्ही लिहून घेतली. घरच्यांना विचारल्याशिवाय भिंतीवर लावणार नाही.

पूर्वी या खोलीत "पेव: हळद साठवण्याची पारंपरिक पद्धत" असा फलक होता. तो उतरवला. त्या जागी पेवाचा उभा छेद दाखवणारी लाकडी प्रतिकृती आणि खरा कंदील, दोरीसकट.

१४ मे

क्रमांक घालायचं काम. धातू, लाकूड, दगडाच्या वस्तूला न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर, वाळल्यावर त्यावर बारीक पेननं क्रमांक, वर पुन्हा एक थर. नको झालं तर ॲसिटोननं निघतं. कापडाला कापडी पट्टीवर क्रमांक लिहून दोन सैल टाके. कागदाला मऊ पेन्सिल. डिंक, फेविकॉल, सेलोटेप यांना वाड्यात बंदी. डांबर गोळ्यांनाही; आण्णा नाराज आहेत, त्यांना तो वास म्हणजे संग्रहालय वाटतं.

नव्या वहीच्या तीन प्रती. एक इथं, एक विश्रामबागेत एका सभासदाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक संगणकात आणि क्लाउडवर. विश्रामबागेत पाणी येत नाही.

१८ मे

संग्रहालय दिन. आम्ही बंद. आण्णांनी फोन करून आठवण करून दिली.

४ जून

खालचं दालन कसं मांडायचं यावर आज पक्कं झालं. तळमजल्यावर फक्त भिजलं तरी चालेल ते: दगड, लोखंड, जाड पितळ. कागद, कापड, लाकूड, वाद्यघडणीची हत्यारं माडीवर. विजेचे बोर्ड २०१९ च्या रेघेच्या वर. कपाटं भिंतीला न ठोकता चाकांवर.

मधे औंधला जाऊन आलो होतो. श्री भवानी संग्रहालय १९३८ चं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी टेकडीवर बांधलेलं. चित्रं आहेतच, पण मी खिडक्या आणि उंची बघत होतो. टेकडीवर संग्रहालय बांधणाऱ्या राजाचा हेवा वाटला. आमच्या पटवर्धनांनी सांगली नदीकाठीच वसवली, आता काय करणार.

२ जुलै

पाऊस नाही. जून कोरडा गेला, आता कुठे चार सरी आल्या. आम्ही इकडे पुराची तयारी करून बसलोय आणि पेपरात कोयनेचा साठा तळाला गेल्याच्या बातम्या. १०५ टीएमसीचं धरण आणि लोक आभाळाकडे बघतायत. दरवर्षी या दिवसांत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर वाद घालणारी मंडळी यंदा गप्प आहेत.

तरीही तयारीचा कागद भिंतीला लावला. आयर्विनला ३० फूट: पथकाला फोन, क्रेट खाली आणायचे. ३५: तळमजल्यावरचं हलकं सगळं माडीवर. ४०: वीज बंद, दार बंद, माणसं बाहेर. कुणीही वस्तूसाठी मागे थांबायचं नाही, हे ठळक अक्षरात. क्रेट तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी दिले, जुने पण दणकट.

२४ जुलै

सांगलीच्या तुरुंगफोडीला आज ऐंशी वर्षं. १९४३ च्या याच दिवशी वसंतदादा आणि साथीदार तुरुंगाच्या तटावरून उड्या टाकून निसटले. आण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीला बळी पडले. आज एक गृहस्थ त्या काळची म्हणून एक पत्र्याची पेटी घेऊन आले: प्रतिसरकारच्या माणसांची पत्रकं हिच्यातून कुंडलहून यायची, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. पेटी रिकामी. पुरावा शून्य. पूर्वी आम्ही अशी वस्तू एकतर "ऐतिहासिक पेटी" म्हणून घेतली असती, नाहीतर परत पाठवली असती. आता वहीत लिहिलं: "देणाऱ्याच्या वडिलांची सांगी. अन्य पुरावा मिळालेला नाही." देणाऱ्यांनी वाचून सही केली. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांनी मोबाइलवर पानाचा फोटो काढून मुलाला पाठवला.

२० ऑगस्ट

पुराची रंगीत तालीम, कडक उन्हात. नदी खाली, पात्रात खडक दिसतायत. एनएसएसची मुलं आली होती. जिन्यात दोन रांगा, एक वर जाणारी, एक खाली येणारी, असं कागदावर ठरवलं होतं. वाड्याचा जिना एका माणसाचा आहे हे कागदाला माहीत नव्हतं. शेवटी मुलांनी जिन्यावर उभं राहून क्रेट हातोहात वर दिले आणि काम निम्म्या वेळात झालं. तेच आता कागदावर लिहिलं. एका मुलानं विचारलं, "सर, खरा पूर आला तर आम्हाला परीक्षेत सूट मिळेल का?"

१ ऑक्टोबर

फलक लिहिणं अजून चाललंय. नियम केलाय की सांगणाऱ्याचं वाक्य शक्यतो त्याच्याच बोलीत ठेवायचं आणि त्याखाली आमच्या दोन ओळी. परातीच्या फलकावर आजीबाईंचं डागाचं वाक्य आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी "न्हाई"चं "नाही" केलं होतं, ते पुन्हा "न्हाई" केलं. त्यावर अर्धा तास गेला.

फेरफार अहवाल मंजूर. बँकेनं मात्र आता सगळ्या विश्वस्तांची केवायसी नव्यानं मागितलीय.

२४ ऑक्टोबर, दसरा

हरिपूरची खोली उघडली. फीत नाही, भाषण नाही. जुन्या हमालांनी कंदील लावला, दोरीनं प्रतिकृतीच्या तोंडातून खाली सोडला आणि जमलेल्या पोरांना विचारलं, "विझला का? न्हाई? मग उतरा." पेवातल्या मृत्यूंपैकी दोन घरांनी नावं लावायला होकार दिला. ती लावली. तिसऱ्या घरानं नको म्हटलं, तो विषय संपला.

२६ नोव्हेंबर, रविवार

गावभाग उघडलं. आण्णांना ५ नोव्हेंबर हवा होता. १८४३ साली त्याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं, म्हणून. पण त्या संध्याकाळी अख्खी सांगली भावे गौरव पदकाच्या कार्यक्रमाला नाट्यगृहात असते, आमच्याकडे कोण येणार? दिवाळीनंतरचा रविवार धरला.

माणसं बरीच आली. वीरगळाकडे फार कुणी गेलं नाही. सगळी गर्दी दोन ठिकाणी: भिंतीवरच्या तीन रेघांशी आणि नव्या नोंदवहीच्या टेबलाशी. रेघांपाशी जो तो स्वतःच्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते हातानं दाखवत होता. वहीत लोक आपापलं पान शोधत होते. समईवरून भांडलेली दोन्ही घरं आली आणि दोघांनीही वेगवेगळ्या वेळी समईचा फोटो काढला. मिरजेचे कारागीर दुरुस्त केलेला तंबोरा घेऊन आले. सभा सोडून गेलेले सभासद पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. ते माझ्याशी बोलले नाहीत.

१० डिसेंबर

वेळ ठरली: शनिवार-रविवार दुपारी ४ ते ७, हरिपूर फक्त रविवारी सकाळी. पहारा सभासदांनी आळीपाळीनं. तरण्या तिघांनी जास्त दिवस घेतलेत, त्यांना चावी कुणाकडे असते ते तरी माहीत आहे.

राहिलेलं: पगड्या अजून अनामिक आहेत. फलकावर तसंच लिहिलंय आणि खाली पेन्सिल टांगून ठेवलीय. शिसवी पेटीचं झाकण सुतारानं न तोडता उघडलं, आत ओल्या कागदाचा लगदा आणि एक पितळी अडकित्ता. कागद वाचता येण्याच्या पलीकडे गेलाय, अडकित्त्यावर नाव नाही. त्याला वहीत क्रमांक दिला आणि देणाऱ्याचा रकाना कोरा ठेवला. फेब्रुवारीत पुढचा 'वस्तू ओळखा' घ्यायचा, यावेळी खणभागात. तिथल्या मशिदीजवळच्या गल्लीतली काही घरं मोडीतले कागद घेऊन येणार म्हणालीत. मोडी वाचणारं माणूस त्याआधी गाठायला हवं. बँकेत सोमवारी जायचंय.